गंगा-जमुनात काम सुरू करताना : देहविक्री करणाऱ्या महिलांच्या हक्कांचं काम, पायरीपायरीने

नागपुरात इतवारीतल्या गंगा-जमुना या देहविक्रीच्या वस्तीत, किंवा तिथून पांगून शहरभर भाड्याच्या खोल्यांत आणि लॉजमध्ये धंदा करणाऱ्या बायांसोबत ज्यांना काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. समाजकार्याचे विद्यार्थी, नवे वकील, आणि वस्तीतूनच पीअर म्हणून, म्हणजे आपल्याच मैत्रिणींमध्ये हे काम करायला पुढे येणाऱ्या ताया, तिघांनाही उपयोगी पडेल अशी मांडणी केली आहे.

या कामात अर्धवट माहिती फार महागात पडते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि ‘धंदा आता कायदेशीर झाला, पोलीस हात लावू शकत नाहीत’ असे निरोप मोबाईलवर फिरले. त्यावर विसंबून कुणी पोलिसांशी हुज्जत घातली, तर रात्र चौकीत काढायची वेळ तिच्यावर येते. निरोप पाठवणारा तेव्हा घरी झोपलेला असतो. म्हणून जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढंच सांगा, आणि तेही तिला स्वतःला वापरता येईल अशा शब्दांत.

आधी पाय, मग तोंड

पहिले तीन-चार आठवडे फक्त ओळख होऊ द्या. सकाळी अकरा ते दुपारी दोन ही वेळ बरी. आंघोळ-स्वयंपाक उरकलेला असतो आणि गिऱ्हाईक सुरू झालेलं नसतं. संध्याकाळी दारात उभं राहून बोलत बसलात तर तिचा धंदा बुडतो आणि घरवाली, म्हणजे खोल्या चालवणारी बाई, दुसऱ्या दिवशी तुम्हाला उंबरा ओलांडू देत नाही. एकट्याने जाऊ नका. वस्तीतली एक ताई सोबत हवी. वही, कॅमेरा, संस्थेचं मोठं ओळखपत्र गळ्यात असलं काही नको. फोन खिशातच राहू द्या, कारण हातात फोन दिसला की लोकांना तो कॅमेराच वाटतो.

बहुतेक बोलणं हिंदीत होतं. ती स्वतःला जे म्हणते तेच तुम्ही म्हणा. कुणी ‘धंदा’ म्हणते, कुणी नुसतं ‘काम’. सांगलीतल्या बायांनी आपल्या संघटनेचं नावच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ठेवलं, तेव्हा शब्द कुठला हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. ‘पतित’, ‘वाईट मार्गाला लागलेली’, ‘बिचारी’ हे शब्द मात्र घरीच ठेवून या. आणि ‘तू यात कशी आलीस?’ हा प्रश्न विचारू नका. तिला सांगायचं असेल तर सहा महिन्यांनी ती आपणहून सांगेल.

घरवालीला टाळून काम होत नाही. खोलीचं कुलूप, पाण्याची वेळ, उसनवारीची वही सगळं तिच्याकडे असतं. तिच्याशी बोलणं वेगळं, तिची बाजू घेणं वेगळं. कुणाला कोंडून ठेवलं असेल, पैसे हिसकावले जात असतील, तर तिथे मध्यम मार्ग नसतो.

कायदा नेमका काय म्हणतो

मूळ कायदा १९५६ चा, अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियम. बोलताना सगळे ‘पिटा’ म्हणतात. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, खासगी जागेत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा या कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही. पण त्याच्या भोवतालचं जवळजवळ सगळं गुन्हा आहे. कलम ३ कुंटणखाना चालवण्याबद्दल, आणि जागा जाणूनबुजून भाड्याने देणाऱ्यालाही ते लागतं. कलम ४ दुसऱ्याच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरच्या माणसाबद्दल आहे. यात दलाल अडकतो, तसाच तिच्या पैशांवर शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा म्हातारी आईही अडकू शकते. कलम ५ आणि ६ फूस लावून आणणं आणि डांबून ठेवणं यांबद्दल आहेत.

बाईला स्वतःला थेट लागू होतात ती कलमं ७ आणि ८. कलम ७ नुसार देऊळ-मशीद, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांपासून दोनशे मीटरच्या आत, किंवा पोलीस आयुक्तांनी अधिसूचित केलेल्या सार्वजनिक ठिकाणी हा व्यवसाय केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. इतवारीसारख्या दाट भागात दोनशे मीटरच्या बाहेर जागा सापडणंच अवघड. कलम ८ रस्त्यावरून, खिडकीतून, गॅलरीतून इशारे करून बोलावण्याबद्दल आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ‘धंदा गुन्हा नाही’ हे वाक्य एकटं कधी बोलू नका. त्याला जोडूनच ‘पण दारात उभं राहून बोलावणं गुन्हा आहे’ हेही सांगा.

आता १९ मे २०२२ चा आदेश. बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या समितीने दहा शिफारशी केल्या होत्या. सज्ञान बाई मर्जीने काम करत असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये, धाडीत तिला अटक करू नये, लेकराला आईपासून तोडू नये अशा चार शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत घेतली. उरलेल्या सहा न्यायालयाने सगळ्या राज्यांना लागू केल्या. त्या पाठ असू द्या. लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला इतर कुठल्याही पीडितेइतकीच वैद्यकीय आणि इतर मदत मिळाली पाहिजे. सुधारगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायांचा आढावा घेऊन त्यांना सोडलं पाहिजे. पोलिसांनी शिवीगाळ-मारहाण न करता सन्मानाने वागलं पाहिजे. माध्यमांनी धाडीत नाव-फोटो उघड करता कामा नये. निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरता येणार नाही. आणि विधी सेवा प्राधिकरणांनी या बायांना त्यांचे हक्क समजावून सांगितले पाहिजेत. या सहा मुद्द्यांवर ठामपणे बोला. बाकी चारांना न्यायालयाचा आदेश म्हणू नका. समोरच्या वकिलाला फरक माहीत असतो आणि एका चुकीच्या दाव्याने तुमचा सगळा अर्ज हलका पडतो.

महाराष्ट्रात याहून उपयोगी पडतो तो मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२० चा निकाल. तीन सज्ञान महिलांना सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द करताना न्यायालयाने म्हटलं की या कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवता येत नाही. सुटकेच्या अर्जाला त्याची प्रत जोडा.

निरोध : मोजून द्या, दाखवून द्या

मूठभर पाकिटं वाटून काम होत नाही. प्रत्येकीचा महिन्याचा हिशोब काढावा लागतो. दिवसाला सरासरी चार गिऱ्हाइकं आणि महिन्याला पंचवीस दिवस काम म्हणजे शंभर. फाटणं-हरवणं धरून दहा टक्के जास्त, म्हणजे एकशे दहा. ती स्वतः विकत घेते ते यातून वजा करा. दर तीन महिन्यांनी तिलाच पुन्हा विचारा. पोळा-दिवाळीला किंवा बंदोबस्ताच्या दिवसांत आकडे बदलतात.

साठवण हा नागपुरात मोठा प्रश्न आहे. मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टी होते. लेटेक्स उष्णतेने कमकुवत होतं. खोकं भिंतीपासून दूर, जमिनीलगत, सावलीत ठेवा. पंधरवड्याचाच साठा द्या. तपासणीच्या बहुतेक रॅपिड किटना दोन ते तीस अंश तापमान लागतं, म्हणून उन्हाळ्यात किट पिशवीत घालून वस्तीत फिरू नये. तपासणी केंद्रातच करावी.

फाटण्याची कारणं ठरलेली आहेत. खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा क्रीम लावलं की लेटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, वंगण पाण्याचंच हवं. एकावर एक दोन चढवले तर घर्षणाने दोन्ही फाटतात. पाकीट दातांनी उघडलं की चीर जाते. टोकाला हवा अडकली की फुगून फुटतं. दाखवताना क्रम असा ठेवा : तारीख बघा, पाकीट दाबून आत हवेची उशी आहे का बघा, कडेच्या खाचेतून हाताने फाडा, टोक चिमटीत धरून मुळापर्यंत उलगडा, बाहेर काढताना मुळाशी धरा, गाठ मारून कागदात गुंडाळून टाका. दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते नीट चढवता येत नाही, म्हणून चढवण्याचं काम बाईनेच आपल्या हाती घ्यावं. ‘निरोध लावायचाच’ हे पैसे ठरवतानाच बोलून घ्यावं. खोलीत गेल्यावर वाद घालणं धोक्याचं असतं.

एक गोष्ट हळूच पण नक्की बोला. गिऱ्हाइकासोबत निरोध वापरणारी बाई आपल्या कायमच्या माणसासोबत सहसा वापरत नाही. तिथे विश्वासाचा प्रश्न येतो. भाषण देऊ नका, दोघांची तपासणी एकत्र करून घ्यायचा पर्याय सुचवा.

फाटलाच तर आत साबण, डेटॉल, लिंबू काहीही घालून धुवायचं नाही. त्याने आतलं अस्तर सोलवटतं आणि संसर्ग सोपा होतो. बाहेरून साध्या पाण्याने धुवावं आणि मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत जावं. एचआयव्ही टाळण्याचं औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि काही झालं तरी बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवं. पुढे अठ्ठावीस दिवस रोज घ्यायचं. मळमळ होते म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी सोडून देणाऱ्या खूप असतात, तेव्हा पहिला आठवडा रोज फोन करा. गर्भ राहू नये यासाठीची गोळीही बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली.

पाळीच्या दिवसांतही काम चालू ठेवण्यासाठी काही जणी आत कापूस किंवा स्पंजचा बोळा ठेवतात. तो आत सरकून राहिला की दोन-तीन दिवसांत दुर्गंधी, ताप, ओटीपोटात कळा सुरू होतात. रागावू नका, लपवेल. कापूस सुटा होतो म्हणून तो नको, वापरलाच तर दर वेळी काढून मोजून बघायचा, आणि ताप आला तर त्याच दिवशी डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात जायचं, हे सांगा.

तपासणीचं वेळापत्रक

दर तीन महिन्यांनी सर्वसाधारण लैंगिक आरोग्य तपासणी, दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिस. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांनुसार रंगीत किट मिळतात, गर्भाशयमुखाच्या दाहासाठी राखाडी, योनीतल्या पांढऱ्या पाण्यासाठी हिरवं, असे सात प्रकार. ते डॉक्टरांनीच द्यायचे. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन त्रास दबतो, संसर्ग राहतो आणि जोडीदाराकडून परत येतो.

संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि निकाल घरवालीला सांगता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने हे बंधन घातलं आहे. त्याच कायद्याच्या कलम २२ ने निरोध वाटण्यासारख्या जोखीम कमी करणाऱ्या कामाला संरक्षण दिलं आहे. पिशवीतल्या निरोधांवरून कुणी अडवलं तर या कलमाचा उल्लेख करा. शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं रोजचं औषध, सुरू असलेल्या बाईची खरी अडचण खंड पडण्याची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये गंगा-जमुनाला बॅरिकेड लावून प्रवेशबंदी केली गेली. अशा वेळी बाया पांगतात, फोन नंबर बदलतात, आणि पीअर ताईची साखळी तुटते. निरोध पोचत नाही, गोळ्यांची तारीख हुकते, नवीन ठिकाणी कुणी ओळखत नाही म्हणून मारहाण सहन केली जाते. म्हणून शांत काळातच प्रत्येकीकडून एक पर्यायी संपर्क आणि ‘इथून गेले तर कुठे जाईन’ एवढं विचारून ठेवा. गोळ्या कुठल्याही जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रातून मिळू शकतात, फक्त हिरवी पुस्तिका किंवा तिचा फोटो जवळ हवा.

धाड पडली तर

पहिला तास गोंधळाचा असतो. तुम्ही तिथे असाल तर अंगावर धावून जाऊ नका. घड्याळ बघा आणि लिहा : वेळ, गाडीचा क्रमांक, किती बाया नेल्या, किती महिला पोलीस होत्या. पिटाच्या कलम १५ नुसार झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलीस हव्यात. परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी साक्षीदार हवेत, त्यांत किमान एक बाई. चौकशी महिला पोलिसानेच करावी, महिला पोलीस नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला सदस्यासमोर. हे नंतर न्यायालयात उपयोगी पडतं, दारात वाद घालून नाही.

दुसरं काम लेकरांचं. आईला नेलं की खोलीत मूल एकटं राहतं. कुणाकडे ठेवायचं हे आईने आधीच सांगून ठेवलेलं असावं, आणि शक्य तर दोन ओळी लिहून सही किंवा अंगठा केलेला असावा.

तिसरं, कागद. वयाचा पुरावा चोवीस तासांच्या आत वकिलाच्या हाती हवा : आधार, मतदार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, मुलाचा जन्मदाखला. काहीच नसेल तर हाडांच्या तपासणीवरून वय ठरवतात. त्यात एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो आणि वीस वर्षांची बाई अल्पवयीन ठरायचा धोका राहतो.

आता नव्या वकिलांची नेहमीची चूक. धाडीत आणलेली बाई बहुतेक वेळा कागदोपत्री ‘पीडित’ असते, आरोपी नव्हे. म्हणून जामिनाचा अर्ज तिच्या कामाचा नाही. तिला कलम १७ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. योग्य दंडाधिकाऱ्यांपुढे नेईपर्यंत जवळच्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ठेवलं, तरी दहा दिवसांपेक्षा जास्त ताब्यात ठेवता येत नाही, आणि चौकशीच्या काळातली कोठडी तीन आठवड्यांपुढे जाऊ शकत नाही. तिथे अर्ज द्यायचा तो ‘मी सज्ञान आहे, मर्जीने राहते, मला माझ्या ताब्यात सोडा’ असा, तिच्या स्वतःच्या सहीचा. सुधारगृहात एक ते तीन वर्षं ठेवण्याचा आदेश झालाच तर सत्र न्यायालयात अपील करता येतं.

चौकशीत परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तिच्या गावी घरच्यांची माहिती घ्यायला जातो. गावात हे काम कळलं की परतीचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. तिला आधीच विचारा, आणि गोपनीयता राखावी अशी लेखी विनंती दंडाधिकाऱ्यांना त्याच दिवशी करा.

तिला आरोपी केलं असेल तर गोष्ट वेगळी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकाला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला कळवणं आणि चोवीस तासांत न्यायालयात उभं करणं बंधनकारक आहे. वकिलासाठी पैसे नसले तरी चालतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात आहे, फोन १५१००.

खोली बंद करण्याची पिटाच्या कलम १८ ची नोटीस आली, तर उत्तराला सात दिवस असतात. नोटीस घरमालकाच्या नावे येते, तो दडपून ठेवतो आणि मुदत निघून गेल्यावर सामान रस्त्यावर येतं. नोटिशीची प्रत मागायची सवय बायांना लावा.

अत्याचार झाला तर

पैसे घेतले म्हणून संमती कायमची होत नाही. ठरल्यापेक्षा जास्त माणसं आली, गळा दाबला, नको म्हटल्यावरही सोडलं नाही, तर तो बलात्काराचाच गुन्हा. तिचा व्यवसाय किंवा पूर्वीचे संबंध संमतीचा पुरावा म्हणून आणता येत नाहीत.

आधी रुग्णालय, मग पोलीस ठाणे, असा क्रम चालतो. सरकारी असो की खासगी, प्रथमोपचार मोफत देणं प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे, आणि एफआयआर आधी आणा असं म्हणता येत नाही. आंघोळ न करता, कपडे बदलले असतील तर कागदी पिशवीत घालून न्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना खराब होतो. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, हद्दीचं कारण चालत नाही, आणि प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतला नाही तर पोलीस उपायुक्तांना लेखी, मग दंडाधिकाऱ्यांकडे. भरपाईसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो. तक्रार करायची की नाही हे मात्र ती ठरवेल. तिने नको म्हटलं तरी औषधोपचार तिचा हक्कच आहे.

अठराच्या आतली मुलगी दिसली तर

इथे तिच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. पोक्सो कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ किंवा ११२. घरवालीला आधी सांगू नका, तासाभरात मुलगी दुसऱ्या शहरात पोचलेली असते. हे सगळ्यांत आधी ओळखतात त्या वस्तीतल्या बायाच, आणि त्यांना हे करायचंही असतं. भीती असते ती कळवल्यावर सगळ्या वस्तीवर धाड येण्याची. म्हणून माहिती देताना खोली आणि मुलगी नेमकी सांगा.

कागद आणि पैसा

पत्त्याचा पुरावा नसलेल्या सेक्स वर्करला आधार मिळण्याची वेगळी वाट आहे. नाको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या राजपत्रित अधिकाऱ्याने किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाने ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधार प्राधिकरण स्वीकारतं, आणि त्यावरून तिचा व्यवसाय कळेल अशी कोणतीही खूण कार्डावर येत नाही. काम अडतं ते नाव कुठल्याच टीआय प्रकल्पाच्या, म्हणजे वस्तीत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या प्रकल्पाच्या, यादीत नसल्यामुळे. आधी नोंद करून घ्या.

आधार येईपर्यंत बँकेत ‘लहान खातं’ उघडता येतं. अधिकाऱ्यासमोर सही आणि फोटो एवढंच लागतं, शिल्लक मर्यादा पन्नास हजार. गिऱ्हाइकाकडून यूपीआयने पैसे घेताना बँकेतलं खरं नाव समोर दिसतं. ज्यांना ते नको, त्यांनी रोखच घ्यावेत.

संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत ‘वेश्याव्यवसायातून मुक्त केलेल्या महिला’ आहेत. म्हणजे काम सुरू असताना या नावाने अर्ज टिकत नाही, आणि खोटं लिहून दिलं तर पुढे वसुलीची टांगती तलवार. विधवा किंवा दुर्धर आजार असलेली असेल तर त्या निकषावर अर्ज करा. मुलाच्या शाळेत वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ दाखवा.

नोंदवही

नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकांची यादी वेगळ्या कुलपात. एकाच वहीत नाव, खोली आणि एचआयव्हीचा निकाल कधीही नको. वही धाडीत जप्त होऊ शकते. व्हॉट्सअॅपवर तपासणीचे कागद पाठवू नका.

ती सुटून परत आली की त्याच दिवशी पाच गोष्टी बघा : मूल कुठे आहे, खोलीचं कुलूप बदललं आहे का, फोन आणि कागद पोलिसांकडून परत मिळाले का आणि त्याची पोच आहे का, गोळ्यांचे किती दिवस हुकले, आणि या दिवसांच्या उसनवारीवर व्याज लावलं आहे का. गोळ्या हुकल्या असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत एआरटी केंद्रात जा. दुपारी रांग वाढते.